पाच ठिपक्यांची शेड

माझ्या मामाने आयुष्यात एकाही वस्तूला नुसतं निळं, नुसतं हिरवं किंवा नुसतं पांढरं म्हटलेलं नाही. पांढऱ्याचे तर त्याच्याकडे इतके प्रकार आहेत, की दूध, दही, खोबरं आणि चुना ही एकमेकांशी बोलणं टाकलेली चार बिऱ्हाडं आहेत असं वाटावं. भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात त्याने छत्तीस वर्षं एकच काम केलं. गिऱ्हाइकाने पाठवलेल्या तुकड्याशी आपला रंग जुळवायचा. कधी फ्रिजचा पत्रा, कधी बसचं दार, कधी कुणाच्या देवघराची फळी. कारखाना जाऊन तिथे आता टॉवर उभे राहिलेत, मामा रिटायर होऊन मुलुंडच्या वन बीएचकेत बसलाय, पण त्याचे डोळे अजून ड्यूटीवर आहेत.

त्याला शर्ट आवडला की तो हातात घेऊन सरळ दुकानाबाहेर रस्त्यावर जातो. ट्यूबलाइटखाली सगळे रंग खोटं बोलतात, खरं काय ते दिवसाच्या उजेडातच कळतं, असं त्याचं मत. मुलुंडच्याच पाच रस्त्यावरच्या एका दुकानाच्या वॉचमनने यापायी त्याला दोनदा पळत जाऊन पकडलंय आणि दोन्ही वेळा मामाने त्यालाच शर्टाचं एक टोक धरायला लावून ‘ह्यात तुला लाल दिसतो काय रे?’ असं विचारलंय. माझ्या लग्नात अक्षता पडायला पाच मिनिटं असताना त्याने मला हॉलच्या खिडकीपाशी ओढलं, माझा फेटा आणि उपरणं शेजारी शेजारी धरलं, आणि ‘दोन वेगळ्या बॅचेस आहेत, पण आता काय करणार,’ असं म्हणून सोडून दिलं. अकरा वर्षं झाली, लग्नाचे फोटो बघताना मला बायकोच्या आधी फेटा दिसतो. त्याच्या सोसायटीचं रंगकाम काढलं, तेव्हा ए विंग आणि बी विंग एकाच क्रीम रंगाच्या आहेत असं कंत्राटदारासकट एकोणचाळीस बिऱ्हाडांना वाटत होतं. चाळिसावं बिऱ्हाड मामाचं. पण माणूस नुसता छळवादी म्हणावा तर तसंही नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या शहाभाईंना एकदा लिफ्टमध्ये त्याने सांगितलं, ‘तुमच्या डोळ्यांत यलो चढलाय, अर्धा पॉइंट. डॉक्टरकडे जा.’ शहाभाई रागावून गेले आणि चार दिवसांनी काविळीचा रिपोर्ट घेऊन आले.

या सगळ्याच्या मुळाशी कारखान्यातला एक नियम आहे. तिथे एका माणसाच्या डोळ्यांवर कुठलीच शेड पास होत नसे. जुळवणाऱ्याने पत्र्याच्या पट्टीवर रंग लावायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसऱ्या कुणीतरी थेट ऊन न येणाऱ्या उत्तरेच्या खिडकीत धरून बघायचा, आणि दोघांना पटलं तरच पट्टीच्या मागे दोन सह्या व्हायच्या. भिडेखातर ‘हो’ म्हणणाऱ्याला मामा चोरापेक्षा वाईट समजतो. घरात ही दुसरी नजर मामीची होती. चहा, सोलकढी, पडद्याचं कापड, काहीही असो, मामा विचारायचा, ‘पास?’ आणि मामी शेगडीपाशी उभ्या उभ्या निकाल द्यायची. मामी मालवणकडची, चौथी शिकलेली, आणि भीड कशाशी खातात हे तिला माहीत नव्हतं.

मामीच्या उजव्या मनगटाच्या आत पाच ठिपक्यांचं गोंदण होतं. चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक, प्रत्येक ठिपका मुगाच्या दाण्याएवढा. लहानपणी गावात गोंदणारी बाई आली होती तेव्हाचं. त्याचा काळा रंग वर्षानुवर्षांत उतरून जो झाला होता, त्याला मी हिरवा म्हणेन, तुम्ही निळा म्हणाल आणि मामा आपल्या दोघांनाही घराबाहेर काढेल. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्याने ती शेड जुळवायचं मनावर घेतलं. एकेक पट्टी कारखान्यात रंगवून आणायची आणि रविवारी तिचा हात खिडकीत धरून पट्टी शेजारी लावायची. ‘माझो हात म्हणजे काय तुमची भिंत असा?’ असं म्हणत मामीने चार रविवारी चार पट्ट्या नापास केल्या. पाचवी पास केली आणि मागे अडखळत सही केली. ती दोन सह्यांची पट्टी मामाने काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवली, उजेड लागून उतरू नये म्हणून. मेल्यावर माणसाबरोबर जातं ते फक्त गोंदण, असा मामीचा एक ठाम विश्वास होता. बांगड्या पुसता पुसता ती मला सांगायची, ‘दागिने हंयच रवतले. ह्या तेवढा माझ्यावांगडा येतला.’

तसंच झालं. मामीला जाऊन आता दोन वर्षं होतील. मामा रडला वगैरे आमच्यासमोर नाही. फक्त ‘पास?’ विचारायचं त्याने बंद केलं. मी चहा केला की तो मुकाट्याने पिऊन टाकायचा, कपात बघायचासुद्धा नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्याचा फोन आला. ‘मला टॅटू काढायचाय. तू चल.’ वय वर्षं अडुसष्ट, शुगर, प्रेशरची गोळी. मी म्हटलं, ‘मामा, तुला काय झालंय?’ तो म्हणाला, ‘तो रंग आता सगळ्या जगात एका पत्र्यावर उरलाय. पत्रा काय, पत्राच असतो. कातडीवर तो पुन्हा बघायचाय मला.’

मला बरोबर न्यायचं कारण, आमच्या खानदानात टॅटूचा अनुभव एकट्या मला आहे आणि तोही काय करू नये याचा. कॉलेजात असताना खांद्यावर गरुड काढून घेतला, चौथ्या दिवशी अलिबागला समुद्रात डुंबलो, खाज सुटली म्हणून टॉवेलने रगडलं, आणि आता तो गरुड ओल्या कोंबडीसारखा दिसतो. मामाने तेव्हा हसून एवढंच विचारलं होतं, ‘वाळायच्या आधी हात लावलास ना?’

घाटकोपरच्या त्या स्टुडिओत एका बाजूचे केस बारीक कापलेली एक मुलगी होती, दोन्ही हात मनगटापर्यंत भरलेले. तिने आधी शुगर विचारली. मामाने डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. मग त्याने काळ्या कागदातली पट्टी टेबलावर ठेवली.

‘ही शेड पाहिजे.’

‘काका, साधा काळा काढू या ना? वीस-तीस वर्षांत आपोआप असाच होतो.’

‘माझ्याकडे तीस वर्षं नाहीयेत गं.’

मुलगी उठली. पट्टी घेऊन खिडकीपाशी गेली. ती ट्यूबखाली बघत नाहीये हे मामाने टिपलं आणि तिथेच ती त्याच्या मनात पास झाली. पाच ठिपक्यांना दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण ते दोघं काळा, हिरवा आणि निळ्याचा थेंब अशी शाई कालवत दीड तास बसले. मामाच्या मनगटाच्या आत पाच ठिपके उमटले तेव्हा ती म्हणाली, ‘काका, आत्ता बघून काही ठरवू नका हां. ताजं काम गडदच दिसतं. मग साल निघते, मग मधे दुधाळ दिसतं, की वाट लागली असं वाटतं. खरा कलर महिना-दीड महिन्याने.’

मामा माझ्याकडे वळून म्हणाला, ‘ओली शेड आणि सुकी शेड. पोरीला धंदा कळतो.’

तिने दिलेला सूचनांचा कागद मामाने कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आणि आमचा महिना सुरू झाला. ठिपक्यांवर चिकटवलेलं प्लास्टिक तिने सांगितल्या वेळी काढायचं, आधी नाही, नंतर नाही. कोमट पाणी, बिनवासाचा साबण, फक्त बोटांनी, हलक्या हाताने. स्वच्छ कागदाने टिपायचं, पुसायचं नाही. मलम अगदी पातळ. या बाबतीत मामाला सांगायची गरजच नव्हती, जाड कोट लावणाऱ्याला तो माणसात धरत नाही. हात पाण्यात बुडवायचा नाही म्हणून भांडी घासायला रोज मी. ऊन लागू द्यायचं नाही म्हणून मॉर्निंग वॉकला पूर्ण बाह्यांचा सैल सदरा. रोज सकाळी दहा वाजता उत्तरेच्या खिडकीत मी फोटो काढायचा आणि त्याने वहीत नोंद करायची. पहिल्या दिवशी ठिपके लाल होऊन थोडे सुजले आणि त्यातून पाण्यासारखं काहीतरी शाई घेऊन झिरपलं. वहीत मामाने लिहिलं, ‘जादा रंग ओघळतो आहे. नॉर्मल.’ लाली पसरत गेली, गरम लागलं, पू किंवा ताप आला तर लगेच डॉक्टर, असं कागदावर होतं. म्हणून मामा रोज दोनदा थर्मामीटर लावायचा. ताप काही आला नाही. शेजारच्या काकू प्रेमाने हळद आणि खोबरेल घेऊन आल्या, तेव्हा मामा दारातच किंचाळला, ‘हळद? यलो?’ काकू त्यानंतर आठवडाभर आमच्याशी बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवसापासून खाज सुरू झाली. खाजवायचं नाही, फार झालं तर वरून हलके टपटप मारायचं. मामा सोफ्यावर बसून एका हाताने दुसऱ्या मनगटाला थोपटत राहायचा आणि मध्येच ‘आयचो घोव’ म्हणायचा. छत्तीस वर्षं रंग वाळायची वाट बघितलेला माणूस होता, एवढं तो सहज निभावेल असं मला वाटत होतं.

सहाव्या दिवशी मी गेलो तर मामा खिडकीत उभा, चेहरा उतरलेला, तळहातावर कण्यांएवढ्या हिरवट पापड्या. ‘कोट सोडतोय,’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘अरे मामा, साल निघणार हे तिने सांगितलं होतं ना!’ त्याला ते तोंडपाठ होतं. पण रंगाचा पापुद्रा सुटताना दिसला की घट्ट चिकटलेल्या रंगापर्यंत खरवडून काढायचा, ही कारखान्यापासूनची त्याच्या हाताची सवय, आणि हात डोक्याच्या आधी चालला होता. वरच्या कोपऱ्यातल्या ठिपक्याची न सुटलेली खपली त्याने नखाने उचकटली होती. तिथे रक्ताचा एक बारीक थेंब आला होता.

मी त्या मुलीला फोन लावून स्पीकरवर टाकला. ‘काका, का हो?’ ती कळवळून म्हणाली. ‘धुवा आणि सोडून द्या. तेवढा ठिपका फिका पडेल. महिन्याने या, टचअप करून देईन.’

त्या दिवशी मामा मला म्हणाला, ‘तुझ्या गरुडाला हसलो होतो ना मी.’ मग म्हणाला, ‘पुन्हा जमणार नाही रे. तीच शाई, तेच माप, परत नाही येत. बॅच बदलते.’ मी मामीच्या बाराव्यालासुद्धा त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. भांडी घासायच्या निमित्ताने मी आत गेलो आणि एकच पातेलं बराच वेळ घासत राहिलो.

मग सगळं कागदावर होतं तसं झालं. खपल्या आपापल्या वेळी गळल्या. ठिपके दुधाळ झाले. वर कातडीचा नवा पातळ थर चमकत राहिला, मग तोही बसला. मामाने वहीत शेवटी फक्त ‘वाट बघणे’ असं लिहायला सुरुवात केली. सहा आठवडे झाले त्या रविवारी दहा वाजता त्याने काळ्या कागदातली पट्टी काढली, मनगटाशेजारी धरली आणि डोळे मिटून घेतले.

‘तू बघ आधी. पास?’

मामी गेल्यापासून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला ‘हो’ म्हणायचं होतं, देवाशपथ. एका अक्षराचं तर काम होतं. पण पट्टीच्या मागे मामीची अडखळलेली सही होती, आणि तिने चार पट्ट्या नापास केल्या होत्या.

‘नाही मामा. गडद आहे.’

त्याने डोळे उघडले. बघितलं. मान हलवली. ‘अर्धा पॉइंट,’ तो म्हणाला. मी मान खाली घातली. तेवढ्यात त्याने मनगट थोडं वळवलं आणि तसंच धरून ठेवलं. वरच्या कोपऱ्यातला तो नखाने बिघडवलेला, फिका पडलेला ठिपका. त्याने पट्टीची कड त्याच्या अगदी शेजारी आणली. कड आणि ठिपका यांच्यामधली रेघ मला दिसेना.

‘हा?’ त्याने हळूच विचारलं.

‘पास,’ मी म्हणालो. आणि ते खोटं नव्हतं.

टचअपला तो अर्थातच गेला नाही. त्या मुलीने फोनवर बजावलं, ‘बरं झालंय आता, पण उन्हात जाताना सनस्क्रीन लावा हं काका, नाहीतर कलर उतरतो.’ मामाने ‘किती उतरतो? वर्षाला किती?’ एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

तेव्हापासून रोज सकाळी तो स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये, उन्हात हात उलटा करून, जुळलेला ठिपका तेवढा बोटाने झाकून थोडा वेळ बसतो. मामी तिथेच कोकमं वाळत घालायची. एक ठिपका तिच्या रंगाचा झालाय, चार व्हायचेत. रविवारी दहा वाजता मी जातो, उत्तरेच्या खिडकीत पट्टी धरतो आणि खरं काय ते सांगतो. अजून नाही मामा. तो म्हणतो, घाई नाही. मग मी चहा टाकतो. हल्ली तो प्यायच्या आधी कप उजेडात धरून बघतो, आणि दर वेळी नापास करतो.