मूळपदावर

नवऱ्याच्या बदल्यांपायी अर्धा हिंदुस्थान पालथा घातलेली बाई म्हणजे भानुमतीबाई. दिल्ली कँटमध्ये कुणाचं बाळंतपण असो की भांडण, पहिली हाक यांनाच. पण एकुलता एक शंभू गेला आणि बाईंनी दारच लावून घेतलं. हृदयाचे ठोके चुकण्याचा आजार होता पोराला.

त्यात कुणीतरी आठवण करून दिली, की आजारपणात शंभूनं मानेसरच्या एका प्रयोगशाळेला रक्त दिलं होतं आणि ते तिथं अजून जपलंय. झालं! अस्थी गढमुक्तेश्वरला गंगेत सोडल्या, दिवस घातले, आणि पोराचा एक अंश बाटलीत अडकलेला? त्याला गती कशी मिळायची? यजमान, सुभेदार खंडेराव, समजावून थकले. बाई निघाल्याच, ते रक्त आणून गंगेत सोडायला.

प्रयोगशाळेतली रुचिरा पुण्याची. तिनं आधी पाणी दिलं. "काकू, बिल्कुल तुमचा हक्क आहे. न्यायचं तर देऊ. पण ते आता रक्त राहिलं नाही. आम्ही त्या पेशी मूळपदावर आणल्या."

"मूळपदावर?" बाई भडकल्या. "मूळपदावर येतात ती वाईट माणसं! माझा शंभू कधी वाकडा वागला का गं?"

रुचिरानं जीभ चावली. "तसं नाही हो! पेशीतल्या जनुकांवर खुणा असतात, हे वाच, ते वाचू नकोस, अशा. म्हणून रक्त रक्तच राहतं. त्या खुणा आम्ही पुसल्या. आता ती पेशी काहीही होऊ शकते, गर्भातल्यासारखी. मग तिला हृदय व्हायला शिकवलं."

"पोटात होता, तसा?"

"जवळजवळ तसाच."

बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. करड्या पाण्यात एक इवलासा गोळा उडत होता. धडधड, मध्येच चूक, पुन्हा धडधड. अगं बाई! रात्ररात्र त्याच्या छातीवर हात ठेवून ऐकलेली तीच चूक! बाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. आपोआप हात जोडले गेले, कुणाला ते त्यांनाही कळलं नाही.

"आणि या बशीतल्या त्याच्याच पेशींना नवं औषध घातलंय," रुचिरानं दुसरी बशी सरकवली.

तिथं ठोका एकसारखा पडत होता. बाई किती वेळ बघत राहिल्या.

"काकू, न्यायचं का?" रुचिरानं हळूच विचारलं.

"वेडी का गं तू? जितं पोर कुणी गंगेत सोडतं?" बाईंनी पदरानं डोळे पुसले. "त्याचं औषध तेवढं चुकवू नकोस."