सुभेदारांच्या उकिरड्याजवळची रेंज

सुभेदार कुणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघत, मग खिडकीबाहेरच्या डोंगराकडे आणि सगळ्यांत शेवटी माणसांकडे. मेढ्यात ते माझे शेजारी. फौजेतली सगळी वर्षं वायरलेस सेटवर गेलेली. आवाज कुठून येतो आणि कुठे अडतो, एवढंच त्यांना जगाबद्दल विचारायचं असे.

बाळांनो, तुमचे आजोबा गेल्यापासून माझा आठवडा तुमच्या रविवारच्या फोनवर उभा होता, आणि तोच मध्येच तुटायचा. मी शिस्तीची बाई. किती मिनिटांनी तुटला ते दर वेळी वहीत लिहिलं आणि कंपनीला निर्दोष इंग्रजीत तीन पत्रं धाडली. उत्तर येईना, तेव्हा वही सुभेदारांपुढे ठेवली. त्यांनी ती न उघडताच परत दिली.

"आवं बाई, टावर डोंगराच्या पल्याड. वर पत्रा, दारात बांबूचं बेट, त्यात पावसानं पानं भिजल्याली. तुमी इंग्रजीत लिवलं म्हणून डोंगर बाजूला सरंल व्हय?"

तुम्हाला मी नीट दिसावं म्हणून एक झगझगीत दिवाही आणला होता. तो लावला की शेजारी त्यांच्या रेडिओत खरखर सुरू होई. रेडिओ चांगल्या माणसाकडून दुरुस्त करून घ्या, असा सल्ला मी त्यांना महिनाभर देत होते. एक दिवस ते रेडिओ हातात धरून, खरखर वाढेल त्या दिशेने पावलं टाकत, थेट माझ्या दिव्यापाशी येऊन थांबले. दिवा विझवला, खरखर थांबली.

मग माझा फोन घेऊन दोन्ही परसं पालथी घातली. डोंगरातल्या खिंडीतून टॉवर एकाच जागेवरून दिसत होता, त्यांच्या उकिरड्याजवळून. इस्त्रीची साडी सावरत मी तिथे उभी राहिले.

"खिंडीकडं पाठ करू नका. माणूस बी आडोसाच हाय."

जेवताना कोपरं टेबलावर टेकू नयेत, हे मी तुम्हाला शेणाच्या वासात उभं राहून शिकवलं आहे. पाण्याच्या मोटरच्या घरघरीत मला ऐकू येत नसे, म्हणून सुभेदार तेवढा वेळ ती बंद ठेवत आणि गोठ्याच्या दारात पाठमोरे बसत.

गेल्या श्रावणात ते गेले. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा मी त्याच जागी होते. धाकटीने तीनदा विचारलं, आजी, बोलत का नाहीस? रेंज नाही, असं सांगून मी फोन ठेवला.

धाकटे, रेंज पूर्ण होती.