लगेज रूममध्ये ठेवलेलं

“काही तरी राहिलं असंल त्याचं,” माझ्या मागे उभी असलेली बाई दुसरीच्या कानात म्हणाली. “नाही तं कावळा काऊन नाही येऊन राहिला?”

मोठ्या बाबांचा दहावा होता. मोठे बाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. तलावाच्या पाळीवर पळसाच्या पानात पिंड ठेवला होता, समोरच्या झाडावर कावळे होते — चांगले भरपूर होते — आणि एकही खाली उतरत नव्हता. ऊन चढत होतं. बायकांनी पदर पुढे ओढले. पुरुषांमधून कोणी तरी म्हणालं, “पुतनी कॉन्व्हेंटची हाय ना, कावळा बी तसाच आला वाटते. मराठीत बोलावलं तं आयकत नाही.” दोघंतिघं खाली मान घालून हसले. मीही मान खाली घातली. मला हसू आलं म्हणून नाही.

त्यांचं काय राहिलं असेल, ते मला माहीत होतं. म्हणजे — त्या लोकांच्या मानण्याप्रमाणे काय राहिलं असेल, ते तिथे फक्त मला माहीत होतं. आणि मी गप्प उभी होते. तेव्हा बोलले नाही, तेरवीला बोलले नाही, त्यानंतरच्या वर्षांतही नाही — परवापर्यंत. मैत्रिणींना नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. हे काही फार धीराचं कारण नव्हे, मला कळतं.

कुठून सुरुवात करू?

मोठ्या बाबांना मूलबाळ नव्हतं. मी गोंदियाच्या इंग्रजी शाळेत जावं हा हट्ट त्यांचा. गावापासून स्कूलबसचा थांबा लांब होता, आणि रोज सकाळी तेच मला सायकलवर सोडायचे. बस येईपर्यंत माझं दप्तर त्यांच्या खांद्यावर असायचं. बस कितीही उशिरा आली तरी ते दप्तर त्यांनी कधी खाली टेकवलं नाही. पुस्तकं आहेत आत, म्हणायचे. मला त्याची लाज वाटायची — बाकीच्या मुलांची दप्तरं रस्त्याकडेला धुळीत पडलेली असत, आणि एक धोतरातला माणूस गुलाबी दप्तर अडकवून उभा. मी थोडं लांब उभी राहायचे.

ते गेले तेव्हा मी नागपूरला नोकरीला होते. रात्रभर प्रवास करून आले. तिसऱ्या दिवशी राख सावडली, अस्थी एका लहान मडक्यात घालून लाल फडक्यात बांधल्या. वैनगंगेवर न्यायच्या होत्या. भावकीतले लोक मोटारसायकलींनी पुढे गेले. बाबा, मी आणि भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर मागून निघालो. मी जावं असं मोठ्या आईनं सांगितलं. मोठी आई म्हणजे त्यांची बायको. “पोरगी जाईल माही,” ती म्हणाली, आणि मी गाडीत बसल्यावर तिनं स्वतःच्या हातानं ते मडकं माझ्या मांडीवर ठेवलं. “खाली नको ठेवजो बेटा. पान्यात जाईपर्यंत खाली नको ठेवजो.”

मी हो म्हणाले.

तिरोड्याच्या वाटेवर, जंगल संपतं तिथे, एक नवं रिसॉर्ट झालं आहे. तलावाच्या काठी. त्याला लागून दुकानांची आणि हॉटेलांची एक गल्ली आहे, ती सगळ्यांसाठी उघडी असते. सुट्टीच्या दिवशी नागपूर-रायपूरच्या गाड्या तिथे रांगेनं उभ्या दिसतात. नेमकी त्याच्यासमोर आमची गाडी पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नव्हती. बाबा आणि ड्रायव्हर दोन्ही चाकं घेऊन एका टेम्पोत बसले. “तू इथंच सावलीत बस,” बाबा म्हणाले. आणि मडक्याकडे पाहिलं.

मी बसले. खरंच बसले काही वेळ. एप्रिलचं ऊन, गाडीचं दार उघडं, मांडीवर मडकं. तीन दिवस घरात फोडणी नव्हती — सुतकाचं बिनमिठाचं वरण, भात. झोप नव्हती. पाय बधिर झाले होते. समोरच्या गल्लीतून भाजलेल्या पावाचा वास येत होता, कुठे तरी गाणं लागलं होतं, आणि लहान मुलं रंगीत टोप्या घालून पळत होती. मला वाटलं, तिथे कोणी मेलेलं नाही.

एवढंच वाटलं होतं. त्यात वाईट काय? — हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. मला तो फार आवडतो, कारण तो तिथेच थांबतो. पुढचं विचारत नाही.

पुढचं असं की मी माझ्या सॅकमधून लॅपटॉप आणि कपडे काढून सीटवर टाकले, आणि मडकं सॅकमध्ये घातलं. मनाशी म्हटलं, पाठीवर घेते, म्हणजे खाली ठेवलं असं होणार नाही. कोणाला दिसणारही नाही. मी रस्ता ओलांडला. गल्लीच्या तोंडाशी गार्ड होता. तो म्हणाला, “मॅडम, बडा बॅग अंदर नहीं चलेगा. लगेज रूम में रख दीजिए, फ्री है.”

परत फिरायला काय हरकत होती? गाडी समोर दिसत होती. मी परत फिरले नाही.

लगेज रूम म्हणजे एक लांबट खोली. खोल्या सोडलेले पाहुणे गाडीची वेळ होईपर्यंत तिथे सामान टाकून दुकानं पाहायला जातात. ट्रॉली बॅगा, मुलांची ढकलगाडी, हवा काढलेली पोहण्याची ट्यूब. तिथल्या माणसानं सॅक हातात घेतली, त्याला आतला गोल आकार लागला. “इसमें क्या है, मॅडम?”

मला लहानपणापासून एक गोष्ट येते. घाबरले की मी इंग्रजी बोलते. इंग्रजी बोललं की आमच्याकडे लोक पुढचं विचारत नाहीत. मी म्हणाले, “इट्स अ गिफ्ट. फ्रॅजाइल.”

तो लगेच अदबीनं वागायला लागला. वरची फळी भरली होती. “ऊपर से गिर जाएगा,” म्हणत त्यानं सॅक खाली, फरशीवर, दोन ट्रॉली बॅगांच्या मध्ये नीट बसवली. मी पाहत होते. मी थँक यू म्हणाले.

दप्तराची गोष्ट मला तेव्हा आठवली असती तर हे सांगणं जरा शोभलं असतं. तेव्हा आठवली नाही. तेव्हा मला फक्त पाठ हलकी झालेली कळली.

मी चीज सँडविच खाल्लं. कोल्ड कॉफी घेतली. मीठ जिभेला लागलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, इतकं बरं वाटलं. मग मी दुकानं पाहिली — बांबूच्या टोपल्या, कानातले, उन्हाच्या टोप्या. एक टोपी घालून आरशात पाहिलं. दुकानातली मुलगी म्हणाली, “अच्छी लग रही है, दीदी,” आणि मी हसले. मला हे लिहायला सगळ्यांत जड जातं आहे. मडकं खाली ठेवल्याचं सांगण्यापेक्षाही. मी त्या आरशात हसत होते आणि मोठे बाबा माझ्या मनात कुठेही नव्हते.

बाबांचा फोन आला. कुठे आहेस? — वॉशरूमला आले. मडकं? — माझ्याजवळच आहे.

लगेज रूमला कुलूप होतं. तो माणूस चहाला गेला होता. मी दाराशी उभी राहिले आणि जाळीतून आत पाहत राहिले. माझी सॅक दिसत होती. कोणाची तरी ओल्या टॉवेलांची पिशवी तिच्यावर कलंडली होती. मी दार हलवलं. बाजूनं जाणाऱ्या एका बाईनं विचारलंसुद्धा, बेटा, काही मौल्यवान आहे का आत? मी नाही म्हणाले. हेही मी म्हणाले आहे.

तो आला, त्यानं सॅक दिली, म्हणाला, “गिफ्ट संभाल के ले जाइए.” गाडीत बसून मी फडक्याचा ओला झालेला कोपरा ओढणीनं पुसला. बाबा आले तेव्हा मडकं मांडीवर होतं, माझे हात त्याच्याभोवती होते. बाबांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी किती थकले आहे, असं ते ड्रायव्हरला म्हणाले.

अस्थी वैनगंगेत सोडून संध्याकाळी घरी आल्यावर मोठ्या आईनं एकच गोष्ट विचारली. “खाली नाही ना ठेवलं?”

“नाही.”

आणि मग दहावा. कावळा येईना म्हणून बाबांनी हात जोडले. “दादा, वहिनीची काळजी करू नका, मी आहे.” काही नाही. भावकीतल्या एकानं शेताचं सांगितलं, एकानं विहिरीचं. काही नाही. तेव्हा बायकांमधून मोठी आई पुढे आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. पिंडासमोर उभी राहून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “त्यायनं झिंगे मांगले होते. तलावातले. डॉक्टर नाही म्हणे, म्हणून मी नाही केले. दोनदा मांगले. मी नाही केले.”

तरीही कावळा आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, आणि सगळे आंघोळीला गेले. मोठी आई तिथेच बसून राहिली.

तुम्हाला वाटेल, ही शिकलेली मुलगी, हिचा कावळ्यावर विश्वास आहे का? नाही. तोच तर माझा आडोसा होता. कावळा उतरतो किंवा उतरत नाही, माणसांची गर्दी पाहून बिचकत असेल — मग मी कशाला बोलू? जे घडलंच नाही त्याची कबुली कशाला? पण तिच्यासाठी घडलं होतं. तिच्यासाठी एक माणूस उपाशी गेला होता, आणि उपाशी ठेवणारी ती होती.

तिनं झिंगे, म्हणजे कोळंबी, खाणं सोडलं. मग सगळी मासळी सोडली. मग रात्रीचं जेवण. दर अमावस्येला ती झिंगे करते आणि पान छपराच्या कवेलूंवर ठेवते. कावळे येतात, चट्टामट्टा करतात. पहिल्यांदा ते पाहून मला सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, पाहा, खाल्लं की नाही? ती म्हणाली, “आता कावळाच खाऊन राहिला, बेटा. ते नाही.”

ती वाळत गेली. मागच्या थंडीत अंगणात चक्कर येऊन पडली. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही. बाबा मला फोन करून म्हणायचे, तूच समजाव, तुझं ऐकते ती. मी यायचे आणि समजवायचे. शांत आवाजात, मुद्देसूद. मोठी आई, हे सगळं मनाचं असतं. मोठी आई, कावळा म्हणजे नुसता पक्षी. ती तांदळातले खडे निवडत ऐकून घ्यायची. “तू शिकलीस, तुले समजते,” म्हणायची. त्या वेळी तिच्यासमोर बसलेली मी कशी दिसत असेन, याचा विचार करायला मला अजून भीती वाटते.

परवा अमावस्या होती. मी सकाळीच पोचले. मोठी आई अंगणात पाटावर बसून झिंगे सोलत होती. एकेकाला वेळ लागत होता. “मासेवाल्या ढिवराच्या बाईनं आज लहान दिले,” ती म्हणाली. “यायले मोठे आवडत होते.” मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “दोनदा मांगले होते, बेटा.”

किती वेळा ऐकलं असेल मी हे वाक्य? दर वेळी मी पाणी प्यायला उठते. परवाही उठले. माठापर्यंत गेले, पेला उचलला, आणि पाणी न घेताच परत आले. का, ते मला सांगता येणार नाही. धीर आला म्हणून नाही. कंटाळा आला होता — माझ्याच आवाजाचा. तिच्यासमोर जमिनीवर बसले. इंग्रजीत सुरुवात होतेय असं वाटलं, म्हणून थोडी थांबले.

“मोठी आई,” मी म्हणाले, “मडकं मी खाली ठेवलं होतं. वाटेत. एका खोलीत, लोकांच्या बॅगांमध्ये, फरशीवर. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. आणि ते तिथे होते तेव्हा मी खात होते.”