पेंटरमामांची लांबलचक ‘शाळा’

पेंटरमामा भिंतीवर अक्षर लिहीत आणि लगेच भिंतीकडे पाठ करून चालू लागत. नवख्याला वाटे, बुवा रुसला! मामा शंभर पावलं मोजत, गर्रकन वळत आणि तिथून वाचत. वाचता आलं नाही, तर पुसून पुन्हा. “भिंतीपाशी हुबं राहून कुणी बी वाचतंय,” म्हणत. सोनपेठच्या बाजारातल्या त्यांच्या पाट्या एसटीतून उतरायच्या आधीच वाचता येत.

नाजूक अक्षरांशी त्यांचं हाडवैर. “बारीक रेघ लांबून मरती, बाई. अन् दोन रेघा खेटून काढल्या की लांबून एकच दिसती.” मी ऐकून सोडून द्यायचे. मी भूमिती शिकवणारी, मला काय सांगता?

आमची शाळा पेडगावच्या पुढे, डांबरी रस्त्याला लागून. ‘पुढे शाळा आहे’ ही पाटी मीच हौसेनं रंगवली होती, वेलबुट्टीसकट. एके दिवशी तिसरीतल्या रुक्मिणीच्या दप्तराला टेम्पो घासून गेला. पोरगी थोडक्यात वाचली. ड्रायव्हर रडवेला होऊन म्हणाला, “पाटी दिसलीच न्हाई, बाई.”

मामांनी पाटी लांबून पाहिली आणि तोंडावर सांगितलं, “डायवरला वाचू येईस्तोवर लेकरू चाकाखाली जाईल.” मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी ते खडू घेऊन थेट रस्त्यावर बसले. ‘शाळा’ लिहायला घेतलं, तर एकेक अक्षर बारा फूट लांब आणि जेमतेम हातभर रुंद! गाव हसलं. खरं सांगते, मीही हसले. प्रमाण चुकलंय, असंही वर ऐकवलं.

“काऊन हसायलात, बाई?” मामा मला वर्गात घेऊन गेले, माझं पुस्तक टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला आडवं टाकलं आणि मला अलीकडे खुर्चीत बसवलं. “वाचा आता.” अक्षरं चेपून गेलेली. “डायवरला रस्ता असाच आडवा दिसतोय. म्हणून तानून लिवायचं.”

खडूच्या रेघांत मामांनी पांढरा रंग भरला; तो वाळल्यावर मी एसटीत मुद्दाम पुढच्या सीटवर बसले. लांबूनच रस्त्यावर ‘शाळा’ हा शब्द ताठ उभा! कसली देखणी अक्षरं! “आमच्या मामांनी लिहिलंय,” मी कंडक्टरला दोनदा सांगितलं. त्या रस्त्यावर पुन्हा एकाही लेकराला धक्का लागला नाही.

मामा गेल्या वर्षी गेले. आता दर सुट्टीत ती अक्षरं मी गिरवते आणि शंभर पावलं मागे चालत जाते. परभणीच्या दवाखान्यात त्यांना शेवटचं नेलं, तेही याच रस्त्यानं. डोळ्यांनी तेव्हा साथ सोडली होती. जीपचा ड्रायव्हर परगावचा, पहिल्यांदाच आलेला. भरधाव निघालेली जीप एकाएकी हळू झाली. मामांनी माझ्या खांद्यावरची मान उचलली.

“शाळा आली का, बाई?”

“आली, मामा.”

“त्याला तुमी सांगितलं?”

“नाही.”

मामा किती दिवसांनी हसले. “मंग वाचलं बगा त्यानं.”