चुकलेला नेम

आई कोर्टात साक्षीला उभी राहिली तेव्हा लेकीला वाटलं, आता लंबूचं काही खरं नाही.

आई बाइंडिंगच्या कारखान्यात कागद कापायची. मशीनची पाती मोठी, काम दोघांचं. एकानं गठ्ठा सरकवायचा, दुसऱ्यानं कळ दाबायची. दाबण्याआधी विचारायचं, ‘हात?’ त्या दिवशी लंबूनं विचारलं नाही. आईच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. लंबू तिथेच फतकल मारून रडला. रडून बोटं परत येतात का, असं लेक तेव्हापासून म्हणत होती. तो तुरुंगात गेल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

आधी कारखान्याचा सुपरवायझर बोलला. इस्त्रीचा शर्ट, आवाजात लोणी. ‘हा पहिल्यापासून निष्काळजी, साहेब.’

मग आई.

‘लंबूनं विचारलं नाही, हे खरं. त्याची शिक्षा त्याला द्या. पण आत्ता बोलून गेले ना, त्यांनी गेल्या वर्षी माझ्या डोक्यावर लोखंडी वजन फेकलं होतं. जास्तीच्या कामाला नाही म्हटलं म्हणून. मी वाकले. भिंतीचा पोपडा उडाला.’

सुपरवायझर हसला. ‘अहो, रागाच्या भरात झालं. लागलं का कुठे?’

‘नाही लागलं. म्हणून तर तुम्ही साक्षीदार! तुम्ही नेम धरला होता. या वेड्यानं कुठे धरला होता?’

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

‘पण बाई,’ न्यायाधीश म्हणाले, ‘बोटं तर याच्यामुळेच गेली ना?’

‘गेली, साहेब. थंडीत ठणकतात. पण माझ्या वाईटावर कोण होतं, तेही धरा की हिशेबात.’

लेक बाकावर पुढे सरकली. घरी भाजी अळणी झाली तरी मुकाट जेवणारी बाई ही!

पुढच्या तारखेला निकाल लागला. लंबू दोषी ठरला, पण तुरुंग टळला. चांगल्या वागणुकीच्या हमीवर त्याला सोडलं. सुपरवायझरचा विषय या खटल्यात येत नाही, असं न्यायाधीश म्हणाले.

बाहेर लंबू आईसमोर येऊन उभा राहिला. ‘ताई...’

‘गप. पुन्हा न विचारता कळ दाबलीस तर मीच तुला आत घालीन.’

तो गेला. त्याच्या पाठीकडे बघताना लेकीला नेहमीसारखा संताप आला नाही. तो संताप आता दुसरीकडेच वळला होता.

‘आणि तो वजनवाला? तो मोकळाच?’

‘या खटल्यात येत नाही म्हणाले ना? मग दुसरा करू. पोलीस चौकी कुठल्या बाजूला गं?’

लेकीनं आईची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. पायऱ्यांवर ही गर्दी. ती पुढे झाली आणि गरज नसताना मोठ्यानं म्हणाली,

‘जरा सरका. माझी आई येतेय.’