लुगड्याच्या आडोशातली सुई

तेजश्री बीड-शिरूर कासार गाडीची कंडक्टर. "पुढं सरका, पुढं काय वाघ बसलाय का?" असं ती ओरडली की भले भले पुढारीसुद्धा मुकाट सरकतात. पण हल्ली एक गोष्ट ती कुणालाच सांगत नव्हती.

वय तेहेतीस, लग्न व्हायचं होतं. गाठीपायी एक बीजकोश आधीच काढलेला, आता दुसऱ्यावरही गाठ. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ऑपरेशनआधी स्त्रीबीजं काढून गोठवू. मूल होईलच अशी खात्री नाही, पण संधी राहील." तेजश्रीला मूल हवं होतं, जिवापाड हवं होतं. तिनं लगेच हो म्हटलं.

मग रोज संध्याकाळी पोटात सुई आणि दर दोन दिवसांनी सोनोग्राफी. पोट टम्म फुगलं, उगाच रडू यायला लागलं. लग्नाआधी हे कसले उद्योग, असं डेपोत कुणी म्हणायला नको, म्हणून सुई बर्फाच्या थर्मासात आणि थर्मास डब्याच्या पिशवीत. बोलणाऱ्याच्या तोंडाला हात कोण लावणार!

आता शेवटची सुई उरली होती, बीजं पिकवणारी. ती सात म्हणजे सातलाच घ्यायची, कारण परवा सकाळी बीजं काढायची वेळ तिच्यावरून ठरलेली. चुकली तर सगळं पाण्यात. तशी गाडी सातच्या आत शिरूरला पोचायची. पण त्या दिवशी ऊसतोडीहून परतणारी माणसं, बोचकी, कोंबड्या यांनी गाडी खचाखच भरलेली, आणि ऐन माळावर टायर फुटलं.

"ताई, तासभर तरी न्हाई हालत गाडी," ड्रायव्हर हनुमान म्हणाला.

खाली उघडा माळ, वर गाडीभर डोळे. अख्ख्या गाडीला दम देणारी बाई मागच्या सीटवर बसून ढसाढसा रडायला लागली.

"काय झालं गं माय?" शेजारी बसलेली केशरबाई नावाची बाई म्हणाली. तीही तोडीवरून परतत होती. तेजश्रीनं सगळं सांगून टाकलं.

केशरबाई तिच्याजवळ सरकली. "माजी गर्भाची पिशवी पंचविशीतच काढली बग. गाठ हाय म्हणले, काढा म्हणले. कामाला खाडा नको म्हणून मीबी हो म्हणले. वाचवता येतंय का, ते कुणी इचारलंच न्हाई." मग ताडकन उठून ओरडली, "ए बायांनो, आडोसा धरा! आन् डायवर, सात वाजले की हाक मार!"

उसाच्या फडावर कुठली आलीय न्हाणी? एकीनं अंघोळ करायची, बाकीच्यांनी भोवती लुगडी धरायची. त्यामुळं कुणाला काही सांगावं लागलं नाही. बोचकी सुटली, लुगडी ताणली गेली. पुरुष वळून बघायला लागले तशी केशरबाई कडाडली, "मुंड्या तिकडं! पुढं सरका, पुढं काय वाघ बसलाय का?"

"सात वाजले, ताई!" हनुमाननं पुढून आरोळी ठोकली. केशरबाईनं खांदा धरला आणि तेजश्रीनं सुई टोचली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बीजं काढून झाली, भूल उतरली तेव्हा ओटीपोटात कळा होत्या. मॅडम म्हणाल्या, "अकरा चांगली बीजं गोठवलीत." "अकरा!" तेजश्री अशी ओरडली की नर्स दचकली.

पुढं गाठीचं ऑपरेशनही नीट झालं. ती कामावर परतली, आणि एका बाजारच्या दिवशी शिरूरला केशरबाई गाडीत चढली. चढता चढताच म्हणाली, "किती गं?"

"अकरा!" आता कुणापासून लपवायचं होतं?

केशरबाईनं पदरानं डोळे पुसले आणि गाडीभर ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्यातल्या एकीचं तरी वाचलं गं बायांनो!"

तेजश्रीनं तिला खिडकीची जागा करून दिली आणि बायकांचं अर्धं तिकीट हातात ठेवलं.