बशीतली फुंकर

आई सकाळी चहा बशीत ओतते आणि ओठांचा चंबू करून त्यावर फुंकर घालत राहते. चहा केव्हाच निवलेला असतो, तरी तिची फुंकर संपत नाही.

ही फुंकर बाबांची. पिठाच्या गिरणीत जन्म गेल्यावर त्यांची छाती फाटक्या भात्यासारखी वाजायची. श्वासाचे व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, बशीतला चहा निववता ना, तसा श्वास सोडा. घेतलात त्याच्या दुप्पट वेळ." तेव्हापासून बाबा व्यायामाला खरीच चहाची बशी मागायचे. आई समोर बसून त्यांच्याबरोबर फुंकायची. मी त्यांच्या बोटावरच्या यंत्रात बघायचो. एकशेदहाचे ठोके हळूहळू नव्वदीवर उतरायचे. काळीज कुणाचं ऐकत नाही म्हणतात, पण ते श्वासाचं ऐकतं.

बाबा जाऊन वर्ष झालं. काल न राहवून म्हणालो, "आई, पी आता. गार झालाय."

"थांब रे," ती म्हणाली. "ह्यांचे ठोके अजून उतरले नाहीत."

मी थांबलो. तिच्या फुंकरीचे तरंग बशीच्या काठाला लागून तिच्याकडेच परत येत होते, पलीकडून कुणी फुंकावं तसे.